आधी बोट, मग फोटो



आमच्या मालवणाकडं कुणी शेवाळावरून घसरलं, कुणी माडावरून खाली आलं किंवा होडी ओढताना कुणाचा हात दुखावला, की समाचाराला येणारा माणूस पहिल्यांदा विचारतो, "फोटो काढलास काय?" बाहेरगावच्या पाहुण्याला याचं हसू येईल. पडलेल्या माणसाचा फोटो कशाला काढायचा? पण इथं फोटो म्हणजे एक्स-रे. 'क्ष-किरण' हा शब्द शाळेच्या पुस्तकात राहिला, 'एक्स-रे' डॉक्टरांच्या चिठ्ठीवर राहिला आणि लोकांच्या तोंडी 'फोटो' बसला. त्या शब्दात एक भाबडा विश्वासही आहे. फोटोत दिसलं म्हणजे मोडलं, नाही दिसलं म्हणजे नाही मोडलं. विषय संपला.

आज मी तुमच्यापुढं या विश्वासाचा थोडा इतिहास मांडणार आहे, आणि त्यासाठी शरीराचा एकच भाग निवडला आहे. तो म्हणजे मनगट. माणूस हातावर पडला, मनगट सुजलं, तर त्याचा फोटो केव्हा काढायचा आणि केव्हा काढायची गरज नाही, हे दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरनं कसं ठरवायचं? प्रश्न किरकोळ वाटतो. पण त्याच्या उत्तरासाठी डब्लिनपासून ॲमस्टरडॅमपर्यंतच्या मंडळींनी डोकं खपवलं आहे. मी डॉक्टर नाही. बी.ए.पर्यंत शिकलो आणि कविता लिहीत बसलो. तरी या विषयावर बोलायचा थोडा हक्क मला आहे, कारण या इतिहासातलं एक मनगट माझं स्वतःचं आहे.

1983चा पावसाळा. सिंधुदुर्ग जिल्हा होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. मी तेरा वर्षांचा होतो. घरामागच्या विहिरीकडं जांभ्या दगडाच्या पायऱ्या उतरतात. आषाढात त्यांच्यावर शेवाळ कसं धरतं हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. हातात कळशी होती. पाय सरकला, कळशी सुटली आणि उजवा हात आपोआप पुढं गेला. पडणारा माणूस विचार करत नाही. हातच जमिनीला सामोरा जातो आणि सगळ्या देहाचा भार मनगटावर येतो.

आईनं हळदीचा लेप लावला. शेजारच्या गावातले हाडवैद्य आले. त्यांनी हात मांडीवर घेतला, अंगठ्यानं मनगट चाचपलं आणि म्हणाले, "हाड जाग्यार आसा. नुसतो लचाकलो हा." बाबांचं समाधान झालं नाही. ते नव्या विचाराचे. तिसऱ्या दिवशी एस.टी.नं मला एका दवाखान्यात घेऊन गेले. तिथं फोटो काढला. डॉक्टरांनी ती काळी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली, एकदा सरळ, एकदा उलटी, आणि सांगितलं, "साफ आहे. मुरगळलाय फक्त." बाबांनी पैसे दिले, फिल्म पिशवीत घातली, आणि आम्ही परत आलो. माझ्या मनगटाला त्या डॉक्टरांनी बोट लावल्याचं मला आठवत नाही.

पुढं दीड वर्ष मी दुखतं म्हणत राहिलो. शाळेत लिहिताना हात भरून यायचा. गुरुजींना वाटलं, पोरगा अभ्यास टाळतोय. बाबा वैतागून म्हणायचे, "फोटोत काय नाय, मगे दुखता कसा?" त्यांचा दोष नव्हता. फोटो साक्षीदार होता आणि मी आरोपी. शेवटी मुंबईच्या मामांनी मला तिकडच्या एका डॉक्टरकडं नेलं. त्यांनी पिशवीतली फिल्म बाजूला ठेवली. मला अंगठा ताणून वर करायला लावला. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर, दोन शिरांसारख्या दोऱ्यांमध्ये एक खळगा पडतो, त्यात त्यांनी बोट दाबलं. मी किंचाळलो. मग नवा फोटो निघाला. त्यात आठ छोट्या हाडांपैकी एकाचे दोन तुकडे अलग दिसत होते, आणि ते जुळायची वेळ निघून गेली होती.

त्या हाडाचं इंग्रजी नाव स्कॅफॉइड. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ होडी. होडीच्या आकाराचं हाड. दर्याकाठच्या पोराच्या हातातली होडी फुटली होती आणि ती कुणाला दिसली नव्हती. आजही माझं उजवं मनगट मागं पूर्ण वळत नाही. नमाजात सजद्याला जाताना सगळे तळवा टेकतात, मी मूठ टेकतो. रापणीचा दोर ओढायला मी कधी गेलो नाही. लेखणी धरता येते, तेवढं पुरलं.

माझी ही गोष्ट इथंच सोडतो आणि मागं जातो. फोटो नव्हता तेव्हा माणसं काय करत होती?

बोटांनी बघत होती. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडांवर स्वतंत्र विवेचन आहे. त्यात सांधा निखळण्याचे सहा प्रकार आणि हाड मोडण्याचे बारा प्रकार दिलेले आहेत. हाड कशानं ओळखायचं? सूज, आकार बदलणं, स्पर्श सहन न होणं, आणि दाबल्यावर येणारा कुरकुर आवाज. म्हणजे डोळा, बोट आणि कान. बांधायला वड, पिंपळ, उंबर, पळस, अर्जुन यांच्या साली आणि बांबूच्या कांबी सांगितल्या आहेत. थंडीत सात दिवसांनी पट्टी सोडा, उन्हाळ्यात तीन दिवसांनी, इतका बारीक हिशेब आहे. आमच्या गावचे हाडवैद्य सुश्रुत वाचलेले नव्हते, पण त्यांच्या अंगठ्यात तीच परंपरा उतरली होती.

दुसरी परंपरा अरबांची. इब्न सिनाच्या 'कानून' या ग्रंथाच्या चौथ्या भागात हाडं बसवण्याची चर्चा आहे. अरबीत मोडलेलं हाड जुळवण्याला 'जब्र' म्हणतात. नवव्या शतकात अल-ख्वारिझ्मी नावाच्या गणितज्ञानं समीकरणं सोडवण्यावर ग्रंथ लिहिला, त्याच्या नावात हाच शब्द आला, 'अल-जब्र'. समीकरणातलं तुटलेलं पद दुसऱ्या बाजूला नेऊन पूर्ण करायचं, हेही एक हाड बसवणंच. त्यातून पुढं 'अल्जिब्रा' झाला. स्पेनमध्ये तर हाडवैद्याला कित्येक शतकं 'अल्जेब्रिस्ता' म्हणत. आपल्याकडं जब्बार हे नाव ऐकायला येतं, त्याच्या अर्थांपैकी एक आहे 'मोडलेलं जोडणारा'. शब्दांचा छंद असलेल्या माणसाला हे सापडलं की तो चार दिवस खुशीत असतो. पण याचा आपल्या विषयाशी संबंध आहे, तो लवकरच येईल.

तिसरा टप्पा आयर्लंडचा. हिपोक्रेटिसच्या काळापासून युरोपातले वैद्य समजत होते की हातावर पडल्यानंतर मनगट वाकडं झालं म्हणजे सांधा निखळला. फ्रान्समधल्या पुतो यानं अठराव्या शतकात निराळा विचार मांडला होता, पण तो फारसा पसरला नाही. 1814 साली डब्लिनचे सर्जन अब्राहम कॉलिस यांनी एक छोटासा लेख प्रसिद्ध केला. त्यांनी सांगितलं, सांधा जागेवरच असतो. मोडतं ते कोपरापासून अंगठ्याच्या बाजूनं येणारं लांब हाड, आणि तेही मनगटाच्या अगदी वरच्या बाजूला. ते मागं सरकतं म्हणून हात जेवणाच्या काट्यासारखा वाकडा दिसतो. कॉलिसपुढं चिरून पाहिलेला नमुना नव्हता, फोटोचा तर प्रश्नच नव्हता. किरण सापडायला अजून 81 वर्षं होती. निव्वळ बघून, ओढून, दाबून त्यांनी हे ताडलं. आजही ते मोडणं त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. पावसाळ्यात आपल्या दवाखान्यांत अंगणात घसरलेल्या आज्या येतात, त्यांच्यात हेच पुष्कळदा असतं.

मग आला 8 नोव्हेंबर 1895. जर्मनीत व्युर्झबुर्गच्या प्रयोगशाळेत विल्हेल्म राँटजेन काळ्या कागदात गुंडाळलेल्या नळीवर प्रयोग करत होते. अंधारात, दूर ठेवलेला एक पडदा उजळला. नळीतून काहीतरी निघत होतं आणि कागदातून पार होत होतं. ते काय आहे हे ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी बीजगणितातलं अज्ञाताचं अक्षर त्याला दिलं. एक्स. आपण मराठीत क्ष केलं. आता तो मघाचा संबंध बघा. हाड जोडण्याचा अरबी शब्द गणितात गेला, त्या गणितातलं अज्ञाताचं अक्षर एका किरणाला मिळालं, आणि तो किरण पुन्हा मोडलेली हाडं बघायच्या कामाला लागला.

22 डिसेंबरला राँटजेन यांनी बायकोला, बर्टाला, हात ठेवायला सांगितला आणि पंधराएक मिनिटांत तिच्या हाताचं चित्र घेतलं. बोटांची हाडं आणि त्यांच्याभोवती अंगठीचं काळं कडं. ते पाहून तिला आपलं मरणच दिसल्यासारखं वाटलं, असं सांगतात. आमच्या सिंधुदुर्ग किल्ल्यात चुन्यात उमटलेला एक हाताचा ठसा जपलेला आहे. शिवाजी महाराजांचा म्हणून लोक त्याच्यापुढं हात जोडतात. त्या ठशात तळव्याचा भार दिसतो. बर्टाच्या चित्रात भार नाही, नुसती आतली काठी दिसते. हाताची ही दोन प्रकारची साक्ष आहे आणि आपल्या विषयात दोन्ही लागतात.

राँटजेन यांनी शोधाचं पेटंट घेतलं नाही. 1901 साली भौतिकशास्त्राचं पहिलं नोबेल त्यांना मिळालं. पण त्याआधीच शोध जगभर पसरला होता, आणि गंमत बघा, अमेरिकेत रुग्णाच्या कामी आलेल्या अगदी पहिल्या चित्रांपैकी एक मनगटाचंच होतं. न्यू हॅम्पशर राज्यात डार्टमथ कॉलेज आहे. तिथला एडी मॅकार्थी हा 14 वर्षांचा मुलगा गोठलेल्या नदीवर घसरपट्टी खेळताना पडला. गिलमन फ्रॉस्ट या डॉक्टरनं त्याला आपला भाऊ एडविन याच्याकडं नेलं. एडविन होता खगोलशास्त्रज्ञ. 3 फेब्रुवारी 1896 रोजी कॉलेजच्या प्रयोगशाळेत एडीनं आपला डावा हात वीस मिनिटं हलवला नाही, आणि मनगटाजवळ मोडलेलं हाड काचेवर उमटलं. राँटजेन यांचा शोध जाहीर होऊन सव्वा महिनाही झाला नव्हता.

त्या वीस मिनिटांचा मी पुष्कळदा विचार करतो. एडीचा हात मोडलाय हे डॉक्टर फ्रॉस्टना आधीच समजलं होतं. बोटांनी सांगितलेलं चित्रानं खरं करून दाखवलं, एवढंच. म्हणजे सुरुवातीला क्रम बरोबर होता. आधी बोट, मग फोटो.

हा क्रम पुढं उलटला. पण त्याआधी या किरणांनी हातांकडूनच मोठी किंमत वसूल केली. त्या काळी नळी ठीक चालते का हे बघायला काम करणारे आपलाच हात मधे धरत, रोज, दिवसातून कितीतरी वेळा. बर्मिंगहॅमचे जॉन हॉल-एडवर्ड्स यांनी जानेवारी 1896मध्येच हातात घुसलेल्या सुईचं चित्र काढलं होतं. 1908 साली त्यांचा डावा हात कापावा लागला आणि उजव्या हाताची बोटंही गेली. एडिसनचा मदतनीस क्लॅरेन्स डॅली याचे दोन्ही हात गेले, 1904 साली तो वारला, आणि एडिसननं या कामातून अंग काढून घेतलं. जर्मनीत हँबुर्गच्या एका रुग्णालयाच्या आवारात 1936 साली अशा माणसांचं स्मारक उभं राहिलं. त्यावर पहिल्याच वेळी 169 नावं होती. दुसऱ्यांचे हात दिसावेत म्हणून यांनी आपले हात दिले.

नंतर यंत्रं सुधारली. आज मनगटाच्या एका फोटोतून मिळणारी किरणांची मात्रा अगदी नगण्य असते. आपण नुसतं घरात बसलो तरी जमिनीतून, आकाशातून जे किरण आपल्याला लागतात, त्यांच्या तीनेक तासांइतकीसुद्धा नाही. तेव्हा आज कुणी फोटो टाळायला सांगत असेल तर भीतीपोटी सांगत नाही. कारण वेगळं आहे.

यंत्र स्वस्त झालं, सोपं झालं, तशी दवाखान्यांना सवय लागली. हात दुखावला, पाठव फोटोला. पाय मुरगळला, पाठव फोटोला. रुग्णालाही बरं वाटायचं, डॉक्टरलाही निश्चिंत वाटायचं. उद्या कुणी विचारलं तर कागद हातात. यात नकळत एक गोष्ट घडली. बोट मागं पडलं. फोटो येईपर्यंत डॉक्टर हात लावायचा थांबला, आणि फोटो आल्यावर हात लावायचं कारण उरलं नाही. माझ्या बाबतीत 1983 साली झालं ते हेच.

याला पहिला अडसर घातला कॅनडातल्या एका तातडीच्या विभागातल्या डॉक्टरनं. त्यांचं नाव इयन स्टील, गाव ओटावा. त्यांना दिसत होतं की घोटा मुरगळलेल्या जवळजवळ प्रत्येकाचा फोटो निघतो आणि शंभरातल्या पंच्याऐंशीहून अधिक लोकांचं हाड शाबूत असतं. त्यांनी शेकडो रुग्ण नीट तपासून, कोणती लक्षणं खरंच मोडण्याकडं बोट दाखवतात ते मोजलं, आणि 1992 साली एक साधा नियम मांडला. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेवर बोटानं दाबा. दुखलं तर फोटो. रुग्णाला चार पावलं टाकता येत नसतील तर फोटो. यातलं काहीच नसेल तर फोटो नको. पुढं प्रत्यक्ष दवाखान्यात हा नियम वापरला तेव्हा घोट्याचे फोटो 28 टक्क्यांनी कमी झाले. रुग्णांचा वेळ वाचला, पैसा वाचला. आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठी गोष्ट अशी की डॉक्टरचं बोट पुन्हा रुग्णाच्या हाडावर आलं.

मग मनगटाचं काय? मनगट घोट्यापेक्षा अवघड निघालं. घोट्याला म्हणता येतं, चार पावलं चालून दाखव. मनगटाला काय सांगणार? शिवाय पडलेल्यांत खरोखर मोडलेल्यांचं प्रमाण घोट्यापेक्षा बरंच जास्त, म्हणून फोटो टाळायला जागा कमी. आणि आत आठ छोटी हाडं, एकमेकांना खेटून बसलेली. त्यातली आमची होडी सगळ्यात लबाड.

ती लबाड का, तेही सांगतो. बहुतेक हाडांना रक्त दोन्हीकडून मिळतं. या होडीत ते मुख्यतः बोटांच्या बाजूनं शिरतं आणि उलटं मागं, कोपराच्या दिशेनं जातं. बागेतला पाट जसा एकाच टोकानं शिरून शेवटच्या अळ्यापर्यंत पोचतो, तसं. पाट मधेच फुटला की शेवटचं झाड वाळतं. होडी मधोमध मोडली की मागचा तुकडा रक्तावाचून उपाशी राहतो आणि जुळून येत नाही. भरीला भर म्हणजे ताजी चीर केसासारखी बारीक असते. पहिल्या दिवशीच्या फोटोत ती कितीदा दिसतच नाही. दहा-पंधरा दिवसांनी चिरेच्या कडा थोड्या झिजतात, तेव्हा ती रेघ उमटते. म्हणून जाणते डॉक्टर काय करतात? अंगठ्याच्या मुळाशी तो खळगा असतो ना, तिथं दाबल्यावर दुखत असेल, तर फोटो साफ असला तरी हात बांधून ठेवतात आणि दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा बघतात. सोय असेल तिथं एमआरआय करतात. या खळग्याला वैद्यकात चक्क तपकिरीची डबी म्हणतात, कारण पूर्वीचे लोक तिथं चिमूटभर तपकीर ठेवून ओढत. माझी आजी अशीच ओढायची. तिच्या हातावरच्या त्या खळग्याकडं मी लहानपणी टक लावून बघत असे. माझ्याच हातावरच्या खळग्याकडं कुणी बघितलं नाही.

नेदरलँड्समधल्या ॲमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी हे सगळं धरून मनगटाचा नियम बनवला. 882 प्रौढ रुग्णांच्या अभ्यासावर आधारलेला तो नियम 2015 साली प्रसिद्ध झाला. त्यात आठ गोष्टी बघतात. वय किती, पुरुष की बाई, मनगटाला सूज आहे का, तपकिरीच्या खळग्यात सूज आहे का, हात डोळ्यांना वाकडा दिसतो का, लांब हाडाच्या मनगटाकडल्या टोकाला दाबल्यावर दुखतं का, हात अंगठ्याच्या बाजूला कलवल्यावर दुखतं का, आणि अंगठा मनगटाच्या दिशेनं दाबला तर दुखतं का. यांचा एकत्र हिशेब करून ठरतं, फोटो काढावा की नाही. लहान मुलांची हाडं वाढत असतात, त्यांची मोडण्याची तऱ्हा वेगळी, म्हणून त्यांच्यासाठी 2016 साली निराळा नियम आला.

नियम करणाऱ्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं आहे की तो अचूक नाही. दुसऱ्या रुग्णांवर पडताळून पाहिल्यावर शंभर मोडलेल्या मनगटांतली अठ्ठ्याण्णव त्यानं पकडली, दोन निसटली. आणि ज्यांचं हाड शाबूत होतं त्यांच्यातल्या पाचांपैकी साधारण एकाचाच फोटो वाचला. घोट्यासारखा मोठा फायदा नाही. मग एवढ्यासाठी इतकी खटपट का? मला वाटतं, त्या आठ गोष्टींची यादीच वाचावी. वय आणि लिंग सोडलं तर बाकी सहा गोष्टी यंत्राशिवाय कळतात. नजर आणि बोटं, बस्स. कॉलिस यांनी 1814 साली जे केलं, हाडवैद्य अंगठ्यानं जे करत होते, तेच आता मोजून, पडताळून परत आलं आहे.

हाडवैद्यांचा गौरव करतोय असं मात्र समजू नका. त्यांच्या बोटात जाण होती, पण हिशेब नव्हता. कोणाचं बसवलेलं हाड वाकडं राहिलं, कोणाचा हात कायमचा आखडला, याची नोंद कोणी ठेवली नाही. माझ्या हाताला त्यांनीही जागेवर आहे असंच म्हटलं होतं. बोट चुकीच्या जागी दाबलं तर बोटही खोटं बोलतं. नवा नियम कुठं दाबायचं ते सांगतो, आणि कितीदा चुकेल तेही सांगतो. जुन्यात आणि नव्यात फरक आहे तो हा.

आता कुणी म्हणेल, ओटावा नि ॲमस्टरडॅमच्या गोष्टी सिंधुदुर्गात कशाला? मी म्हणतो, त्या इथंच जास्त उपयोगाच्या आहेत. शहरात फोटो म्हणजे वरच्या मजल्यावर जाऊन येणं. आमच्याकडं किनाऱ्यावरच्या एखाद्या वाडीतून तालुक्याला यायचं, तिथं जमलं नाही तर ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात, आणि काही गुंतागुंत निघाली तर थेट गोव्यात बांबोळीला. 1842 साली पणजीत सुरू झालेल्या त्या वैद्यकीय शाळेचा वारसा आज बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडं आहे, आणि सिंधुदुर्गातले रुग्ण पिढ्यानपिढ्या गोव्याची वाट धरत आले आहेत. एका फोटोपायी बाईची दिवसाची मजुरी जाते, बरोबर येणाऱ्याची जाते, भाड्याचे पैसे जातात. आणि यंत्र, वीज आणि ते चालवणारा माणूस ही तिन्ही एकाच वेळी हजर असावी लागतात. म्हणून कुणाला पाठवायचं आणि कुणाला नाही, हा निर्णय इथं पोटाशी निगडित आहे. विनाकारण पाठवलं तर चूल थंडावते. पाठवायला हवं तिथं नाही पाठवलं तर माझ्यासारखा हात होतो.

गेल्या पावसात शेजारच्या काकींना घेऊन मी एका सरकारी दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टर तरुण होते. गर्दी खूप होती. तरी त्यांनी स्टूल पुढं ओढलं आणि विचारलं, "काकी, पडलात कशा?" काकी म्हणाल्या, "शेवाळार पाय सरकलो, हात टेकलंय." डॉक्टरांनी आधी बांगड्या काढायला लावल्या, बोटं हलवून घेतली, मग एकेक जागा दाबत गेले. वय सत्तरीचं, हात काट्यासारखा वाकडा, टोकावर दाबल्याबरोबर काकींचा हुंदका. त्यांनी लगेच फोटोची चिठ्ठी लिहिली आणि एक गोष्ट आणखी सांगितली, जी मला ठाऊक नव्हती. उतारवयात बाई नुसती उभ्यानं पडून मनगट मोडत असेल, तर तिची हाडं ठिसूळ होत असतील ही सूचना समजायची. आज मनगट, उद्या खुब्याचं हाड. त्याची तपासणी आणि औषध आत्ताच सुरू करायचं.

त्यांच्यानंतर एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा होता, क्रिकेट खेळताना हातावर पडलेला. त्याचा फोटो साफ आला होता. बापाच्या चेहऱ्यावर सुटका दिसत होती. डॉक्टरांनी फिल्म टेबलावर ठेवली, मुलाला अंगठा वर करायला सांगितलं आणि खळग्यात बोट दाबलं. मुलगा कळवळला. डॉक्टर बापाला म्हणाले, "फोटो साफ आहे, पण हात साफ नाही. मी प्लास्टर घालतो. दहा दिवसांनी परत या, पुन्हा फोटो काढू." बाप कुरकुरला. मला राहवलं नाही. मी माझं मनगट त्याच्यापुढं धरलं आणि मागं वळवून दाखवलं, म्हणजे जेवढं वळतं तेवढं. तो बघत राहिला, मग म्हणाला, "येतंव, डाक्टरानु."

श्रोतेहो, माझ्यासारख्यानं उपचार सांगू नयेत. पण घरातल्या माणसानं चार गोष्टी लक्षात ठेवायला हरकत नाही. हातावर पडलेल्या माणसाच्या बांगड्या आणि अंगठ्या सूज चढण्याआधी उतरवा. चोळू नका, ओढू नका, हात झोळीत घ्या. हात वाकडा दिसत असेल, जखम असेल, बोटं गार किंवा बधिर पडत असतील तर लेपात वेळ न घालवता दवाखाना गाठा. डॉक्टरांनी दाबून बघितलं आणि फोटोची गरज नाही म्हणाले, तर त्यांनी टाळलं असं समजू नका. आणि फोटो साफ असूनही अंगठ्याच्या मुळाशी दुखतच राहिलं, तर माझ्या बाबांसारखं फोटोवर विसंबून राहू नका. दुखणाऱ्याला खोटं ठरवण्याआधी एकदा परत जा.

बाबा आता नाहीत. ती 1983ची फिल्म त्यांच्या ट्रंकेत सापडली. दमट हवेनं पिवळी पडली होती, कडा चिकटल्या होत्या. मी ती खिडकीच्या उजेडात धरून पुष्कळ वेळ बघितली. आता कुठं बघायचं ते मला ठाऊक होतं. तरीही त्यात काहीच दिसत नव्हतं. त्या डॉक्टरांनी फोटो चुकीचा वाचला नव्हता. मग मी फिल्म खाली ठेवली आणि डाव्या हाताचं बोट उजव्या अंगठ्याच्या खळग्यात दाबलं. चाळीस वर्षं झाली, तिथं अजून दुखतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)